मांडीवर न बसलेला वारस

गोष्ट सांगायला बसण्याआधी समोर कोण कोण बसलंय हे एकदा बघून घ्यावं, एवढी साधी अक्कल मला लग्नानंतरही बरीच वर्षं आलेली नव्हती.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता आणि मीही जावई म्हणून फारसा जुना झालो नव्हतो. दिवाळीच्या सुटीत बायकोबरोबर सासुरवाडीला, पिंपळगाव राजाला गेलो होतो. दुपारची वेळ. अंगणात भुईमुगाच्या झाडांचा ढीग पडलेला आणि भोवती घरचे सगळे शेंगा तोडत बसलेले. माझ्याही हातात एक झाड दिलं होतं. बराच वेळ ते तेच होतं. मी गोष्ट सांगत होतो. खामगावच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचो आणि अभ्यासाला विलायतेतली एक जुनी, लग्न जुळवण्याची कादंबरी होती. खरं सांगायचं तर अशा तीनचार कादंबऱ्या माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या होत्या, आणि घरच्यांना मी त्यांची खिचडीच वाढत असे. तपासायला कोण येणार होतं?

"तर त्या गृहस्थाला मुलगा नाही, नुसत्या पोरी," मी सांगत होतो. "आणि त्यांच्यात रिवाज असा, की पोरींना घर नाही, जमीन नाही. कुठल्याशा मेलेल्या पणजोबानं ठरवून ठेवलेलं, सगळं पुरुषाकडंच जाईल म्हणून. घर जाणार एका पुतण्याला. एक दिवस तो पुतण्या येतो ना घर बघायला! म्हातारा समोर खुर्चीत बसलेला, चांगला जिवंत, आणि हा भिंतीवर टिचक्या मारून बघतोय, पडद्याचं कापड चोळून बघतोय, माळ्यावर चढून वासे मोजतोय! अहो, गिधाडसुद्धा जनावर मरेपर्यंत दम काढतं!"

मी हसलो. एकटाच. शेंगा तुटायचा आवाज बंद झाला होता.

ढिगाच्या पलीकडं बायकोचा चुलतभाऊ बसला होता, धाडहून आलेला. सासऱ्यांचा सख्खा पुतण्या. सासऱ्यांना मुलगा नाही. दोन मुली, थोरली माझ्या घरी आणि धाकटी यवतमाळकडं दिलेली. तुळशीचं लग्न आटोपलं की ह्याच पुतण्याला ते दत्तक घेणार होते. मला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही, बायकोनं एसटीतच सांगितलं होतं. पण गोष्ट रंगली की मला समोरची माणसं दिसत नाहीत, फक्त त्यांचे कान दिसतात. त्यातून त्या दिवशी मी उशिरा उठलो होतो. पुतण्या सकाळी गोठ्याच्या पत्र्यावर चढून बराच वेळ काहीतरी बघत होता, हे माझ्याखेरीज सगळ्या घरानं बघितलेलं.

त्यानं हातातलं झाड ढिगावर ठेवलं, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि "येतो काका" एवढंच म्हणून पिशवी उचलली. दोन दिवस राहायला आलेला माणूस तिसऱ्या प्रहराच्या गाडीनं परत गेला.

"जवाईबापू," सासरे म्हणाले, "गिधाड कोणाले म्हटलं तुमी?"

"गोष्टीतल्या माणसाला, मामाजी."

"गोष्टीतल्याले," सासरे समोरच्या खुंट्याला बांधलेल्या गाईला म्हणाले. "आयकलं का? गोष्टीतल्याले."

आता हा दत्तकाचा घाट कशासाठी, ते सांगतो. सासऱ्यांची प्रकृती ठणठणीत होती, एक गुडघा सोडला तर. पण संध्याकाळी ओट्यावर भाऊबंद जमत आणि विषय फिरून फिरून तिथंच येई: मेल्यावर अग्नी कोण देणार? मडकं कोण धरणार? पुढं पिंड कोण ठेवणार? "लेकी काय, उडून जाणारी पाखरं!" असं म्हणून एकजण उसासा टाकायचा आणि बाकीचे माना हलवायचे. दिल्लीच्या नव्या कायद्यानं मुलींनाही वाटा दिलेला होता, पण तो कायदा अजून ओट्यापर्यंत पोचला नव्हता. मडकं धरणाऱ्याचं शेत, असा ओट्याचा हिशेब. रोज तेच तेच ऐकून सासऱ्यांनी शेवटी धाडच्या धाकट्या भावजयीकडं शब्द टाकला. तिचा नवरा, म्हणजे सासऱ्यांचा भाऊ, पूर्वीच वारलेला. तिला दोन मुलगे. थोरला औरंगाबादला नोकरीत, धाकटा शेती बघणारा. धाकटा द्या, असं सासऱ्यांनी मागितलं.

ह्यात खरा प्रश्न सासूबाईंचा होता. पलीकडच्या गल्लीत एक म्हातारी राहायची. तिच्या नवऱ्यानं असाच एक पुतण्या मांडीवर घेतला होता. नवरा गेला, सून आली, आणि म्हातारीची खाट माजघरातून ओसरीत, ओसरीतून गोठ्याच्या पडवीत अशी सरकत गेली. आपल्याच घरात ती चहा मागून प्यायची. सासूबाई रोज तिच्या दारावरून पाण्याला जात.

मी बायकोला म्हणालो होतो, "नव्या कायद्यानं दत्तकाला बायकोची संमती लागते. मामींना विचारलं का?"

"इचारलं ना."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणे, तुमचंच खरं."

"म्हणजे झालं तर! संमती आहे."

बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी चष्मा पुसला. "आईचं 'तुमचंच खरं' तुमाले समजत नसंन, त कॉलेजात पोराइले काय शिकवता?"

हा वार वर्मी लागला. कारण मी शिकवत होतो तो उपरोधच. त्या कादंबऱ्यांची सगळी गंमत त्यात आहे. लिहिणारी बाई गंभीर चेहऱ्यानं सांगते की अमुक गृहस्थ फार थोर, तमुक रिवाज फार शहाणपणाचा, आणि वाचणाऱ्यानं समजायचं ते समजून घ्यायचं. मोठमोठी घरं पुरुषांकडं जातात, बायका खालच्या मानेनं हो म्हणतात, आणि त्या हो म्हणण्यात असं काही ठेवून देतात की शंभर पानांनंतर कळतं. हे मी फळ्यावर लिहून द्यायचो. आणि घरात सासूबाई दोन शब्दांत तेच बोलल्या तर मी म्हणालो, संमती आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी हुकूम सोडला. "धाडले जा. हात जोडा, पाय धरा, पन त्याले घेऊन या."

गेलो. खामगावला गाडी बदलली, बोथ्याच्या घाटात वळणावळणाला माफीचं भाषण जुळवलं, बुलढाण्याला पुन्हा गाडी बदलली आणि धाडला उतरलो तो आठवडी बाजाराचा दिवस. पुतण्या हिरव्या मिरचीचा ढीग लावून तराजूपाशी बसला होता. मी समोर उकिडवा बसलो.

"काल माझ्याकडून जे बोललं गेलं, त्यात व्यक्तिशः तुमचा काही..."

"मिरची कशी?" एक बाई माझ्या डोक्यावरून म्हणाली.

"घ्या ना मावशी. लई तिखट आहे."

"तिखट हाय का नुसतीच हिरवी?"

"खाऊन बघा."

"मी काऊन खाऊ बाप्पा? ह्या मास्तरले दे."

आणि त्यानं खरंच एक मिरची माझ्या हातात दिली. सासुरवाडीचं काम, नाही कसं म्हणणार? मी चावली. पुढचं माफीचं भाषण मी अक्षरशः डोळ्यांत पाणी आणून केलं. बाई माझ्याकडं बारकाईनं बघत उभी होती. "हाव, तिखट हाय," ती म्हणाली. "दे पावशेर."

पुतण्या हसायला लागला तो थांबेचना. मग गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "भाऊजी, मला कशाचा राग? मी सुटायचं निमित्त शोधत होतो, ते तुम्ही दिलं."

"निमित्त?"

"अहो, त्या गोष्टीतल्या पुतण्याला कोणी विचारलं होतं का, की बाबा तुला पाहिजे का हे घर?"

मी आठवून बघितलं. तीनचार कादंबऱ्यांची खिचडी चमच्यानं ढवळून बघितली. कुठंच कोणी विचारलेलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं पोरांना त्या वारसावर हसायला शिकवत होतो आणि हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नव्हता.

"आणि पत्र्यावर मी चढलो ते काकांनीच चढवलं," तो म्हणाला. "गळतंय म्हणून डांबर लावायला. वासे कशाला मोजू? माझ्या इथल्या घराचे मला माहीत नाहीत."

बाजार उठल्यावर तो मला घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, आणि मी पहिला घास घ्यायच्या आत विचारलं, "भासरे चिडले का?" थोरले भासरे म्हणजे माझे सासरे. मी म्हणालो, चिडले आहेत, पण माझ्यावर.

ती चुलीपाशी बसली. मग माझ्याकडं न बघताच बोलायला लागली. "थोरल्या भासऱ्यानं शब्द टाकला. नाही कसं म्हणू? घराण्यात आजवर कधी तोंड वर करून बोलले नाही. पण जावईबापू, त्या दत्तकाच्या विधानात आईनं हातावर पाणी सोडायचं असतं. सोडलं की पोरगं दिलं. परवा दिवाळीचं ह्याच हातानं त्याला न्हाऊ घातलं, तर तांब्या हातात राहीना."

"आणि तेव्हापासून हिला काकू म्हणायचं आणि काकूला आई," पुतण्या म्हणाला. "एवढा घोडा झालो, आता जीभ वळती का हो?"

ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "माझ्या बापाला तरी कुठं मुलगा होता? मी एकटी. हे शेत, ही विहीर, सगळं त्यानं मला ठेवलं, आणि हे, भासऱ्यांचे धाकटे भाऊ, इथं घरजावई आले. घरजावई म्हणून पिंपळगावात किती हसले ह्यांना! पण ह्यांनी सोन्यासारखा संसार केला."

मी भाकरी मोडायचा थांबलो. हे सगळं मला माहीतच होतं, पण असं एका जागी मांडून कोणी दाखवलं नव्हतं. मुलीला जमीन जात नाही असं म्हणणाऱ्या घराण्याची एक पाती दुसऱ्या घरच्या मुलीच्या जमिनीवर वाढलेली होती, आणि तीच पाती परत आणून आता मुलींच्या जागी बसवायची होती! एवढी गुंतवळ माझ्या विलायती बायांनाही सुचली नव्हती.

"मग सरळ नाही म्हणा ना," मी म्हणालो.

"मी म्हटलं तर आईचा शब्द मोडतो," पुतण्या म्हणाला. "आईनं म्हटलं तर काकांचा मान मोडतो. तुम्ही काकांना सांगा, पोरगा पेटलाय, गिधाड म्हणाले म्हणून उंबऱ्यात पाय ठेवणार नाही म्हणतोय. शिव्या तुम्ही खा."

"मीच का?"

"तुम्ही जावई! जावयाला खाऊन खाऊन किती शिव्या खाव्या लागतील?"

मला अंदाज नव्हता. दुसऱ्या दिवशी आला.

मी पोचलो तेव्हा ओटा भरलेला होता. पुतण्या येत नाही, फार चिडलाय, असं मी खाली बघून सांगितलं. खाली बघणं गरजेचंच होतं, कारण तोंडावर सुटका दिसत होती. सासऱ्यांनी आवाज चढवला. घराण्याचं नाक कापलं, शुभकार्यात माती कालवली, तोंड आहे की सदा पेटलेला बंब, सगळं झालं. ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "शिकेल जवाई केला की असंच होते."

"मी त म्हनतो, त्याले गोष्ट सांगू देलीच कायले?" दुसरा म्हणाला.

"आमाले काय मालूम, थ्या गोष्टीत गिधाड निंघते म्हनून!" सासरे ओरडले. मग काठी टेकत उठले, मला "चला आत" म्हणाले, आणि माजघरात येऊन दाराची कडी लावली. मला वाटलं, उरलेलं आता आत.

ते बाजेवर बसले. "खरंच रागावला का तो?"

"फार, मामाजी."

"येत नाही म्हनते?"

"नाहीच म्हणतो."

"बरं," सासरे म्हणाले. आणि हळूच गुडघा चोळायला लागले. "त्याले मांडीवर घ्या लागते म्हने. भटानं सांगतलं, बसवल्याबिगर विधान होत नाही. एवढा कापसाच्या बोजासारखा गडी! रातभर थेच डोयापुढं येते. मांडी मोडली असती माही." थोडं थांबून त्यांनी आतल्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "चहा टाका बरं. गोड करा."

पण चहा येईस्तोवर त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. "थे सारं खरं, जवाईबापू. पन अग्नी कोन देईन मले?"

मी काही बोलणार तोच दाराआडून आवाज आला. सासूबाई माझ्यासमोर फारशा बोलत नसत. माझ्याकडं त्यांचा पदर पोचायचा, शब्द नाही. त्या दिवशी पोचला.

"धाडच्या म्हाताऱ्याले कोनं देल्ला होता?"

सासऱ्यांनी मान वर केली.

"तुमच्याच भावानं ना? जवायानं? मडकं खांद्यावर घेऊन तोच गेला होता. तुमीच येऊन सांगतलं होतं घरी, लई चांगलं झालं सारं म्हनून." कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. "मंग? थो म्हातारा सरगात नाही गेला का?"

मग सासरे हसायला लागले. आधी मिशीत, मग खांदे हलवून. माझ्याकडं वळून म्हणाले, "काय हो, द्याल का तुमी?"

"मामाजी, अजून पुष्कळ वेळ आहे त्याला."

"थे मीबी जानतो. द्याल का?"

"देईन."

"द्या मंग. पन तवा थांबून लोकायले गोष्ट सांगू नका, येवढं करा. सरन इझून जाईन माहं."

चहा सासूबाई स्वतः बाहेर घेऊन आल्या. खरंच गोड होता, अगदी पाकासारखा. सासरे म्हणाले, "घर अन विहिरीपासचं वावर तुह्या नावानं करून टाकतो. मांगून पोरी पाहून घेतीन आपसात. चालते का?"

सासूबाई म्हणाल्या, "तुमचंच खरं."

ह्या वेळी मी घाईनं अर्थ काढला नाही. आधी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्या पदराच्या आत हसत होत्या. एकच वाक्य, दोन महिन्यांत दोनदा बोललेलं, आणि दोन्ही वेळचा अर्थ जमीनअस्मानाचा. पुढं मी वर्गात ह्याचं उदाहरण देऊन बघितलं, पण पोरांना परीक्षेत येणारा प्रश्न हवा होता.

ओट्यावर पुढं महिनाभर माझा उद्धार चालू होता असं ऐकलं. विघ्न आणणारा जावई म्हणून माझं नाव दोनतीन गावांत झालं. धाडहून मात्र दोनच दिवसांनी कोणाबरोबर तरी मिरच्यांची पिशवी आली, बरोबर गुळाची ढेप, आणि पुतण्याच्या आईचा निरोप, की जावईबापूंना म्हणावं, जेवायला परत या, त्या दिवशी अर्धी भाकरी टाकून उठले होते. सासऱ्यांनी ठरल्याप्रमाणं खामगावला जाऊन सासूबाईंच्या नावानं लिहून ठेवलं आणि घरी येऊन कोणाला न सांगता गुडघ्याला तेल लावून झोपले. सगळ्यांना नको असलेली गोष्ट सगळ्यांनी मिळून किती आदबीनं चालवली होती! सासरे भाऊबंदांसाठी, भावजय भासऱ्यांसाठी, पुतण्या आईसाठी, सासूबाई नवऱ्यासाठी. त्या विलायती कादंबऱ्यांत शेवटी कोणीतरी गर्भश्रीमंत जावई मिळतो आणि घर गेल्याचं दुःख भरून निघतं. इथं तशी सोय नव्हती. जावई कॉलेजात मास्तर होता आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता.

सुटी संपली आणि आम्ही खामगावच्या एसटीत बसलो. गाव मागं पडलं तशी बायको बोलायला लागली.

"आईनं पेटी भरली होती."

"कोणती पेटी?"

"तिची. लुगडे, देव, पानाचा डबा. विधान झालं की दुसऱ्या दिवशी आपल्याकडं निंघून येणार होती. लेकीच्या घरी राहीन, पन ओसरीत खाट टाकू देणार नाही, असं म्हने. मलेच सांगतलं होतं फक्त. आज पहाटे दोघीनं बसून पेटी रिकामी केली. लुगडे परत मांडणीवर ठेवले."

मी म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?"

"तुमी गोष्ट केली असती त्याची."

हे खरंच होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. तिनं मांडीवरची मिरच्यांची पिशवी नीट केली, डोळे पुसले आणि हसून म्हणाली,

"बरंच झालं म्हना. आपल्या दोन खोल्यांत आली असती त बिचारीले सकाळ-संध्याकाळ तुमच्या इंग्रजी गोष्टी आयका लागल्या असत्या. त्याच्यापरीस थो दत्तक बरा होता."